मार्चमधली ओल

"ताई, मी ६१ वर्षांची आहे. नेरुळला सातव्या मजल्यावर टू बीएचकेमध्ये एकटी राहते. मिस्टरांना जाऊन चार वर्षं झाली. फ्लॅट २०११ साली दोघांच्या नावावर घेतला होता, मृत्युपत्र वगैरे काही केलेलं नव्हतं. मुलगा पुण्यात वाकडला भाड्यानं राहतो. तो म्हणतो, हा फ्लॅट विकून तिकडे थ्री बीएचके घेऊ, कागदावर तुझंही नाव घालू, तुला स्वतंत्र खोली देऊ. मी जाऊन बघून आले, खोली चांगली आहे. सूनही चांगली आहे. मुलीची काही हरकत नाही. पण चौदा महिने झाले, फ्लॅट जातच नाही. एकोणीस गिऱ्हाइकं येऊन गेली, दोघांनी टोकन देऊन परत नेलं. खरं तर स्टेशन चालत दहा मिनिटं, दोन लिफ्ट, पार्किंग, गॅलरीत दुपारनंतर खाडीचा वारा. आम्ही चौघी रोज सकाळी सहाला ज्वेल पार्कला फिरायला जातो, थंडीत तिकडच्या तळ्यावर रोहित पक्षी येतात, तेव्हा तर परत यावंसंच वाटत नाही. मी आलेल्या प्रत्येकाला चहा देते, काही लपवत नाही, छोट्या बेडरूमच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिचा फोटोही मोबाइलवर दाखवते. सोसायटीत त्याचा अर्ज द्यायचा राहून गेलाय. मुलगा म्हणतो, पाच लाख कमी करू. एजंट म्हणतो, विमानतळ झालाय, थांबा. शेजारीण म्हणते, वास्तुशांत पुन्हा करून घ्या. मी काय करू? — गोंधळलेली आई"

अहो, तो फोटो.

पत्र तुम्ही मार्चमध्ये लिहिलंय. मार्चमध्ये नेरुळमधली कुठलीही भिंत खडखडीत कोरडी असते. गिऱ्हाईक येतं, छोटी बेडरूम बघतं, खिडकी उघडतं, भिंतीवर हात फिरवतं. त्याला काही दिसत नाही, कारण दिसण्यासारखं काही नसतंच. मग तुम्ही चष्मा लावता, मोबाइल काढता, दिवाळीचे फोटो मागे टाकता, गणपतीचे मागे टाकता, जुलैपर्यंत पोचता आणि तो काळा पोपडा त्याच्या नाकासमोर धरता. शिवाय हातात चहाचा कप. असं एकोणीस वेळा.

तुम्ही याला 'काही लपवत नाही' म्हणता. बरं, मग पूर्ण सांगा ना. बाहेरच्या भिंतीतून पावसाळ्यात ओल येत असेल, तर ती दुरुस्ती फ्लॅटवाल्याच्या माथी नसते. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती आणि गच्चीतून होणारी गळती सोसायटीनं आपल्या खर्चानं काढायची असते. बाथरूमच्या गळतीचं प्रकरण वेगळं, तिथे ज्याचं बाथरूम त्याचा खर्च. तुमच्या भिंतीला काय लागणार? दोरावर एक माणूस लटकेल, भेगा कोरून भरेल, वरून प्लास्टर आणि रंगाचा हात देईल. चार-पाच दिवसांचं काम. त्यासाठी तुम्ही सेक्रेटरींना अर्धं पान लिहायचं होतं. चौदा महिन्यांत, मध्ये अख्खा एक पावसाळा जाऊन, ते अर्धं पान तुमच्याकडून लिहून झालं नाही. मला मात्र तुम्ही चार पानं लिहिलीत, आणि अक्षर सुरेख आहे.

ही युक्ती मी ओळखते, कारण आमच्या घरात ती होऊन गेली आहे. नौपाड्यातली जागा विकायची असं सगळ्या भावंडांनी ठरवलं, तेव्हा माझे वडील बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्या गांभीर्यानं सांगायचे, "पाणी पहाटे चारला येतं हं." पाणी सहाला यायचं. आम्ही दीड वर्ष एजंटला शिव्या घातल्या. शेवटी आई एकदा चहा घेऊन बाहेर आली आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाली, "चारला कधी आलं हो?" वडील तिच्यावर आठवडाभर रुसले होते. निदान त्यांना खोटं बोलावं लागत होतं. तुमचं काम खरं बोलूनच भागतंय, म्हणून तुम्हाला स्वतःलाही कळलेलं नाही.

की कळलंय? तुमच्या पत्रात सकाळचं फिरणं आहे, तीन मैत्रिणी आहेत, खाडीचा वारा आहे, तळ्यावरचे रोहित पक्षी आहेत. फ्लॅट का विकला जात नाही हे विचारणाऱ्या बाईला ते पक्षी सांगायची काय गरज होती? वाकडच्या वाट्याला मात्र तीन शब्द आलेत: खोली चांगली आहे. हॉस्पिटलच्या खोलीबद्दलसुद्धा माणसं याहून जास्त बोलतात.

आता माझा राग कशावर आहे ते सांगते. एकट्या आईचं घर विकायला निघालेला मुलगा म्हटला की वाचकांची बोटं लगेच त्याच्याकडे वळतील. मला तो लबाड वाटत नाही. लबाड मुलगा नव्या घराच्या कागदावर आईचं नाव घालायची भाषा आपणहून करत नाही. तो चौदा महिने भाडं भरतोय, एजंटांचे फोन घेतोय. बँकेची गृहकर्जाची मंजुरी काही महिनेच चालते, मग पुन्हा सगळे कागद. ते त्यानं किती वेळा केलं असेल याची तुम्हाला कल्पना तरी आहे का? तो बाजाराशी भांडतोय. बाजाराचा यात काही दोष नाही, दोष दिवाणखान्यात चहा गाळत उभा आहे. आणि ती टोकन देऊन गेलेली दोन कुटुंबं! त्यांनी मनातल्या मनात त्या छोट्या बेडरूममध्ये पलंग लावूनही टाकला असेल. त्यांना तुम्ही फोटो टोकनच्या आधी दाखवलात की नंतर, हे पत्रात नाही. मला वाटतं नंतर.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. दोघांच्या नावावर घेतलेल्या फ्लॅटमधला निम्मा तुमचा होताच. मिस्टरांचा उरलेला निम्मा, मृत्युपत्र नसल्यामुळे, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला गेला. तुमच्या सासूबाई आज नाहीत आणि मिस्टर गेले तेव्हाही नव्हत्या असं धरते, नाहीतर त्यांचाही वाटा निघाला असता. म्हणजे तीनातले दोन हिस्से तुमचे, मुलांचा प्रत्येकी सहावा. सोसायटीनं शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून कोणाचं नाव चढवलं, त्यावर मालकी ठरत नाही. तुमची सही झाल्याशिवाय हा फ्लॅट विकला जाऊच शकत नाही. फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करायला लागणारे सिडकोचे कागद तर फार पुढची गोष्ट. 'नाही' म्हणायची एवढी ताकद हातात असताना तुम्ही ते एका ओल्या भिंतीकडून वदवून घेताय.

म्हणून भाव कमी करू का, या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. पाच लाख कमी केलेत तर विसाव्या गिऱ्हाइकाला दोन फोटो दाखवाल. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडतायत, भाव वाढतील तेव्हा वाढोत, तुम्हाला त्याचं काय? वास्तुशांत तर नकोच, वास्तू शांतच आहे.

आज रात्री जेवणं आटोपली की मुलाला फोन करा आणि म्हणा, "घर विकायचं नाही. मला इथेच राहायचंय." एवढंच. ओल, भाव, एजंट, लोक काय म्हणतील, यातला एकही शब्द तोंडातून काढू नका. काढलात की तो उपाय सांगायला लागेल आणि तुम्ही पुन्हा चहा टाकायला उठाल. तो विचारेल, मग चौदा महिने काय चाललं होतं? तेव्हा खरं सांगा: सांगायचा धीर होत नव्हता. तो चिडेल. चिडू द्या, हक्क आहे त्याचा, ऐकून घ्या. उद्या तुला बरं नसलं तर, हेही तो विचारेल, आणि तो प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आज तुमच्याकडे नसलं तरी चालेल. ते दोघांनी मिळून शोधायचं, घाई नाही. फोन सुनेनं घेतला तर तिच्याकडे निरोप ठेवू नका, मुलाशीच बोला. आणि 'गोंधळलेली' ही सही यापुढे वापरू नका.

एजंटला सकाळी एका ओळीत कळवा, फ्लॅट विक्रीतून काढून घेतला म्हणून. मग सेक्रेटरींसाठी ते अर्धं पान लिहा. जूनच्या आत भिंतीचं काम व्हायला हवं, दोरावर काम करणारी माणसं मे महिन्यात सापडत नाहीत. फोटो तर तुमच्याकडे आहेच. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची एक रंगीत प्रिंट काढा आणि अर्जाला जोडा.