वेठ, विष्टि आणि पंचांगातली भद्रा

सांगलीत अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय: “सराव प्रश्नपत्रिकेत ‘वेठीस धरणे’चा अर्थ विचारला होता. पर्याय असे: (अ) ओलीस ठेवणे, (ब) अडवणूक करणे, (क) मोबदला न देता सक्तीने राबवणे, (ड) वेढा घालणे. मी क लिहिलं, उत्तरतालिका ब म्हणते. बरोबर काय? आणि वेठबिगार म्हणजे गुलामच ना?”

बरोबर क. घाईत असशील तर इथंच थांबलीस तरी चालेल. मी मात्र थांबणार नाही, कारण हा ‘ब’ माझं जुनं दुखणं आहे.

एका दैनिकात मी बावीस वर्षं मुद्रितं तपासली. एसटीचा संप झाला की मथळा ठरलेला: ‘प्रवासी वेठीस’. परिचारिकांचा संप असला तर ‘रुग्ण वेठीस’, शिक्षकांचा असला तर ‘विद्यार्थी वेठीस’. मी तांबड्या शाईनं काट मारून समासात ‘प्रवाशांचे हाल’ लिहायचो आणि सकाळी अंकात पुन्हा वेठीसच. उपसंपादक म्हणायचे, “काका, हाल या शब्दाला जोर नाही.” खरंय, वेठीला जोर आहे. पण तो कुणाच्या पाठीवरून आलाय?

थांब्यावर दोन तास ताटकळलेल्या माणसाचे हाल होतात, खोळंबा होतो, अडवणूकही होते. पण त्याच्याकडून कुणी दगड वाहून घेत नाही. वेठ म्हणजे काम. धरून आणलेल्या माणसाकडून फुकट करून घेतलेलं काम. काम नाही तिथं वेठ नाही. आणि गंमत बघा, संप करणारा माणूस नेमकं काम थांबवतोय. पगार मिळत नाही म्हणून हत्यार खाली ठेवलेल्यानं इतरांना वेठीस धरलं म्हणायचं, हे चोर सोडून संन्याशाला सुळी. उद्या धान्य संपलेल्या घराला साठेबाज म्हणाल. ‘ओलीस’ हा वेगळा, नेटका शब्द आपल्याकडे आहे. त्याला त्याच्या जागी राहू द्या.

आता खरी मजा. वेठ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला. प्राकृतात विट्ठि, वेट्ठि आणि मराठीत वेठ. मुष्टीची मूठ झाली तसाच ष्टचा ठ झाला. बिल्वाचा बेल झाला तसाच इचा ए झाला. पुण्याचे एक व्याकरणकार मित्र वेठ ‘वेष्ट’ या धातूवरून काढतात: वेष्टणे, वेढणे, म्हणून माणसाला वेढून धरणे. तुझा पर्याय ड बहुधा त्यांच्याच शिष्यानं घातलेला असावा. अहो, वेष्टपासून मराठीनं वेढा केला, वेढणं केलं, बोटातलं वेढं केलं. तिथं ढ आहे, इथं ठ. दोन अक्षरांतला फरक ऐकू येत नसेल तर व्युत्पत्तीच्या वाटेला जाऊ नये.

विष्टि हा शब्द राजाच्या कोठारातला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो आहे. सर्वांत सुंदर सापडतो तो गिरनारच्या खडकावर, रुद्रदामन क्षत्रपाच्या शिलालेखात, इ. स. १५०च्या सुमारास. वादळात सुदर्शन तलावाचा बांध फुटला. तो राजानं स्वतःच्या तिजोरीतून बांधून घेतला, आणि नगरातल्या-खेड्यातल्या लोकांना कर, विष्टि आणि प्रणय यांनी न पिडता, असं कौतुकानं कोरून ठेवलंय. म्हणजे बाकीचे राजे पिडत होते. आणि त्यातला ‘प्रणय’ बघितलात? लोकांनी राजाला प्रेमानं द्यायची वर्गणी. प्रेमानं म्हणजे दिली नाही तर बघून घेऊ. विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत गाव दान देताना सगळ्या विष्टीतून सूट लिहून देतात, आणि पुढं हजार वर्षांनी इनामाच्या सनदांतही करांच्या यादीत वेठबेगार असतेच. बेगार हा शब्द फारशी. धनदौलत किंवा कागदपत्र यांत जसा एक शब्द इकडचा नि एक तिकडचा, तशीच ही जोडी. राज्य कुणाचंही आलं तरी खाली माणूस तोच, म्हणून दोन्ही भाषांत सांगायची सोय. बेगारची फोड बरेच जण ‘बे + कार’, म्हणजे बिनकामाचा, अशी करतात. गावात सगळ्यांत जास्त काम करणारा तो बिनकामाचा!

आणि आता माझा लाडका मुद्दा, ज्यासाठी मी हा प्रश्न हाती घेतला. पंचांग उघडा. अर्ध्या तिथीला करण म्हणतात. बव, बालव, कौलव, तैतिल, गर, वणिज आणि सातवं? विष्टि. हेच ते करण ज्याला आपण भद्रा म्हणतो. राखी पौर्णिमेला दरवर्षी घरच्या ग्रुपवर आत्याबाईंचा निरोप येतो, ‘दुपारपर्यंत भद्रा आहे, राखी नंतर बांधा’, ती भद्रा. शुभ काम करायचं नाही अशी वेळ. माझा तर्क असा, की या करणाला हे नाव वेठीवरूनच पडलं. घरचं लग्न, पेरणी, प्रवास, काहीही काढावं आणि राजाचा माणूस दारात उभा राहावा, ‘चल’. त्या वेळेला शुभकार्य कोण ठरवेल? वणिजनंतर लगेच विष्टि येते, हेही मला अर्थपूर्ण वाटतं: आधी व्यापारी, पाठोपाठ शिपाई. आणि त्या वेळेला ‘भद्रा’, म्हणजे कल्याणी, म्हणायचं हा तर आपला जुना खाक्या. बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणतो आपण. याला पुरावा नाही, तर्कच आहे. तेच पुण्याचे मित्र म्हणाले, “मनूनं कारागिरांकडून महिन्यातून एक दिवस काम घ्यायला सांगितलंय, तुमची विष्टि तर महिन्यात आठ वेळा येते.” मी म्हटलं, मनूनं एक सांगितला, पाटलानं आठ घेतले. त्यावर ते दोन महिने बोलले नाहीत.

नाव गोड द्यायचं हे जगभर चालतं. फ्रान्समध्ये शेतकऱ्याकडून फुकट रस्ते करून घेत त्याला ‘कॉर्व्हे’ म्हणत, आणि तो शब्द लॅटिनमधल्या ‘विनंती केलेलं काम’ अशा अर्थाच्या शब्दातून आला. चेक लोक सरळ ‘रोबोटा’ म्हणाले. त्यावरून १९२०च्या एका नाटकात यंत्रमाणसाला रोबोट नाव पडलं. म्हणजे रोबो म्हणजे आपला वेठ्या. कारखान्यात आता रोबो आणलाय म्हणून फुशारकी मारणाऱ्यांना हे सांगून बघावं.

अरे हो, गुलाम.

गुलाम आणि वेठ्या एक नव्हेत. गुलाम विकत घेतलेला असतो. तो मेला तर मालकाचं नुकसान होतं, म्हणून का होईना, खायला घालावं लागतं. वेठ्या कुणाच्याच मालकीचा नाही. धरलं, राबवलं, सोडलं. संध्याकाळची भाकरी त्याची त्यानं बघायची. जास्त वाईट कोणतं, हे मला विचारू नका. अरबीत गुलाम म्हणजे मुळात पोरगा. अमेरिकेत गुलामगिरी १८६५मध्ये कायद्यानं गेली, तरी दक्षिणेकडचे गोरे पुढं कित्येक दशकं पिकल्या केसांच्या काळ्या माणसालाही ‘बॉय’ म्हणूनच हाक मारत. आपल्याकडे चहाच्या गाड्यावर पन्नाशीचा माणूस ‘ए पोऱ्या’ ऐकून मान वर करतो. इंग्रजीतला ‘स्लेव्ह’ तर ‘स्लाव’ या लोकांच्या नावावरून आला, इतके ते धरून विकले गेले. पकडले गेले तेव्हा एक शब्द दिला, राबले तेव्हा दुसरा, रोबो; चेकही स्लावच.

ब्रिटिशांनी १८३३मध्ये गुलामगिरी बंद करायचा कायदा केला आणि दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. गुलामांना दमडी नाही. त्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. इथं कायदा आला १८४३मध्ये, तोही कंपनीच्या हद्दीपुरता. म्हणजे आपला भाग तेव्हा बाहेरच: सातारचं राज्य खालसा झालं १८४८मध्ये, आणि सांगली तर शेवटपर्यंत पटवर्धनांची. साताऱ्याच्या कटगुणचं मूळ असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेत काळ्यांची सुटका करणाऱ्या लोकांना. पुस्तक इथल्या शूद्रातिशूद्रांचं, अर्पण तिकडच्यांना. त्यांना दोन्हीकडचा माल एकच दिसत होता.

आणि गुलाम कागदावरून गेला तरी वेठ राहिलीच. महार वतन म्हणजे काय होतं? सरकारी टपाल ने, साहेबाचं सामान वाहा, रात्री-अपरात्री हाक आली की ऊठ, बदल्यात तुकडाभर जमीन आणि दारोदार मागायचं बलुतं. याविरुद्ध आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबईच्या कौन्सिलात विधेयक आणलं. वतनं कायद्यानं गेली १९५८मध्ये, तीस वर्षांनी. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या मुलाचं नाव दाखल झालं, तो पुढं घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, आणि घटनेच्या २३व्या कलमाच्या इंग्रजी मजकुरात ‘बेगार’ हा शब्द जसाच्या तसा आहे. इंग्रजीला त्याला पुरेसा शब्दच मिळाला नाही. १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम घेतलं तर तीही सक्तीची मजुरीच. अंगणवाडी सेविकेला वेतन नाही, ‘मानधन’ मिळतं. मान आणि धन! प्रणयाची धाकटी बहीण.

मागच्या हंगामात सांगलीजवळ दिग्रजच्या बाजूला उसाच्या एका फडावर उभा होतो. बीडकडची टोळी होती. बाई पाचट बाजूला सारत मोळी बांधत होती, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, वेगळं काढत होती; तेवढं विकून वरचे चार पैसे सुटतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे हिशेबात दोन माणसं नाहीत, एक हत्यार. मी माझ्या खोडीनं विचारलं, “तुमच्याकडं वेठ म्हणतात का याला?” ती म्हणाली, “न्हाई ओ, वेठ कशाची, उचल घेतलीया. औंदा फिटंना. पोरगं आजारी हुतं तर खाडं झालं, त्येचंबी धरल्यात. अंगावर ऱ्हायलंय, फुडल्या सालाला परत यावं लागतंय.” अंगावर हा शब्द तिनं तीनदा वापरला. १९७६चा वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा नेमका याच गोष्टीवर बोट ठेवतो: आगाऊ घेतलेले पैसे आणि ते फिटेपर्यंत सुटता न येणं. तिनं ‘नाही’ म्हटलं ते शब्दाला. आमच्या आजीला मात्र शब्द पक्का माहीत होता. माझ्या बहिणीनं भाकरी जाडीभरडी थापली की म्हणायची, “वेठ मारल्यागत थापू नको, घरचं खाणारायत.” फुकट राबवलेला माणूस मन घालून काम करत नाही, हे तिला कोशात बघावं लागलं नव्हतं.

तर पोरी, तुझं क बरोबर. उत्तरतालिका करणारे म्हणतील, भाषा लोक बोलतात तशी बदलते, वापर हाच पुरावा. बदलू दे ना. पण दगड वाहणाऱ्याचा शब्द उचलून बस चुकलेल्याला द्यायचा, तर दगड वाहणाऱ्याला आता काय म्हणायचं तेही सांगा. खऱ्या परीक्षेत हाच घोळ झाला तर आक्षेप नोंदव. मुदत चुकवू नको. आक्षेपाचा मजकूर मी लिहून देईन, फुकट. ती वेठ होणार नाही, मला कुणी धरून आणलेलं नाही.