प्रोस्टेटसाठी हार्मोनचं इंजेक्शन सुरू झाल्यापासून वडिलांची शुगर वाढली आहे. इंजेक्शन बंद करावं का?

तुम्ही लिहिलंय की वडील सत्तरीचे आहेत, शुगर जुनी पण गोळ्यांवर आटोक्यात होती. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दर तीन महिन्यांनी इंजेक्शन सुरू झालं आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७ वरून ९ वर गेलं. आई म्हणते, चोरून गोड खातात. वडील म्हणतात, इंजेक्शनच नको.

मी डॉक्टर नाही, लातूर जिल्ह्यात माझं मेडिकल आहे. पण पहिलं सांगतो, वडिलांवरचा आळ काढा. खात असतीलही एखादा पेढा, पण तेवढ्याने एवढी शुगर चढत नाही.

प्रोस्टेटच्या कॅन्सरला पुरुषी हार्मोन खतपाणी घालतं, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शनं तेच खतपाणी तोडतात. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे हेच पुरुषी हार्मोन, जवळजवळ संपतं. पण ते फक्त प्रोस्टेटसाठी नव्हतं ना! ते गेलं की दंड-मांड्यांचं मांस उतरतं आणि पोटावर चरबी चढते. रक्तातली साखर सगळ्यात जास्त खपते ती स्नायूंत. स्नायू कमी, चरबी जास्त, म्हणजे इन्सुलिन असूनही काम करत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकात मधुमेह आणि हृदयविकाराचा इशारा घालायला लावला, तो यामुळेच. इंजेक्शनाऐवजी ऑपरेशन करून अंडकोश काढले तरी हार्मोन तसंच उतरतं, तेव्हा शुगरचा प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणून इंजेक्शन बंद? अजिबात नाही, निदान स्वतःच्या मनाने तर नाहीच. कॅन्सर मोकळा सोडण्यापेक्षा शुगरची गोळी वाढवणं किंवा इन्सुलिन घेणं केव्हाही सोपं. अडचण अशी असते की कॅन्सरचा डॉक्टर संभाजीनगरला, शुगरचा गावाजवळ आणि दोघांना एकमेकांच्या चिठ्ठ्या माहीत नसतात. दर इंजेक्शनाच्या वेळी एचबीए१सी करून घ्या, दोन्हीची मुदत तीन-तीन महिन्यांचीच आहे. दोन्ही फाइली एका पिशवीत ठेवा आणि दोघांनाही दाखवा.

चिठ्ठीत अबिराटेरॉन ही प्रोस्टेटच्या कॅन्सरची गोळी आहे का, तेही बघा. त्याच्यासोबत प्रेडनिसोलोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. सकाळी घेतलेलं स्टेरॉइड दुपारनंतर शुगर चढवतं, उपाशीपोटीची बरी दिसते. त्यामुळे नुसती उपाशीपोटीची तपासून समाधान मानू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात त्याचा. सगळं प्रोस्टेटच्या माथी मारू नका. शुगर वाढली की लघवी वाढतेच. डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी असेल तर ती साखर लघवीवाटेच बाहेर काढते, म्हणजे आणखी फेऱ्या. तिसरी शक्यता जास्त त्रासाची: जुन्या शुगरने मूत्राशयाच्या नसा मंदावतात आणि लघवी पूर्ण होतच नाही. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती उरली ते मोजतात, ते करून घ्या. टॅम्सुलोसिन (लघवी मोकळी होण्याची गोळी) चालू असेल तर रात्री खाटेवरून झटकन उठू देऊ नका, चक्कर येते. आणि फेऱ्या नकोत म्हणून दिवसभर पाणीच न पिणारे आपल्याकडे कमी नाहीत. मे महिन्याच्या उन्हात तो प्रकार किडनीवर जातो. संध्याकाळनंतर कमी प्या, दिवसा नाही.

खाण्याचं म्हणाल तर ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ‘ज्वारीने शुगर वाढत नाही’ म्हणून तीन-तीन भाकरी खाणारे मी रोज बघतो. दीड भाकरी, सोबत घट्ट वरण, मटकी, चालत असेल तर अंडं. मांस उतरतंय म्हणून नुसतं चालणं पुरत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याची बाटली उचलणं असं जोर लावायचं काहीतरी रोज हवं. या इंजेक्शनांनी हाडंही ठिसूळ होतात, तेव्हा पुढच्या फेरीत डॉक्टरांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं विचारा. छातीत दुखलं, धाप लागली तर मात्र पुढच्या फेरीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.