सात वाशांसाठी अख्खं छप्पर उतरवायचं का?

प्रश्न : गुहागरजवळ आमचं वडिलोपार्जित कौलारू घर आहे. मी ठाण्यात असतो, आई गावी. चोवीस वाशांपैकी सात कुजलेत. वासे, रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) आणि फुटकी कौलं मिळून गावचा सुतार ८५ हजार सांगतो. ठेकेदार म्हणतो, सगळं उतरवून लोखंडी पाइप आणि रंगीत पत्रा घाला, ४ लाख २० हजारांत कायमची कटकट मिटेल. माझी ५ लाखांची एफडी आहे. १ लाख २० हजार तिच्यातून काढून उरलेल्या ३ लाखांचं पर्सनल लोन घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. ३ लाखांना १३ टक्के दर आणि चार वर्षं मुदत धरली, तर हप्ता आठ हजारांवर जातो आणि नुसतं व्याज साधारण ८६ हजार होतं. म्हणजे सुताराच्या बिलाएवढी रक्कम बँकेला व्याजापोटी जाणार, मुद्दल वेगळंच. करसवलतीची आशाही धरू नका. राहत्या घराच्या दुरुस्तीकर्जावरच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत वर्षाला फार तर ३० हजार, नव्या प्रणालीत काहीच नाही.

आणि 'कायमची कटकट' म्हणाल, तर खाऱ्या वाऱ्यात लोखंडही गंजतं, रंग द्यावाच लागतो. शिवाय पत्र्याखाली मे महिन्यातल्या दुपारी आईंना बसावं लागणार आहे, ठेकेदाराला नाही.

पण सुताराला होकार देण्याआधी त्याच्याबरोबर माळ्यावर चढा. पेचकस घ्या आणि प्रत्येक वासा वळचणीकडच्या टोकाला आणि भिंतीवर टेकतो तिथे टोचून बघा. टोकच मऊ लागलं, तर तेवढं कापून बाजूने नवा तुकडा बोल्टने जोडता येतो, अख्खा वासा बदलावा लागत नाही. सातांपैकी दोन-तीन जरी असे निघाले तरी बिल खाली येईल. आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) किंवा भिंतीवरची तुळई पोकळ लागली, तर मात्र माझा हिशोब मोडला. मग इंजिनिअरला दाखवा, त्याची फी वाचवू नका. सातही वासे एकाच पाख्याचे, म्हणजे छपराच्या एकाच उताराचे असतील तर पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. सरकलेलं कौल तसंच ठेवून नवा वासा घातलात, तर तोही कुजेल.

टाळाटाळ मात्र परवडणार नाही. शंभर चौरस फुटांवर साधारण दीडशे मंगलोरी कौलं बसतात, एकेक दोन-अडीच किलोचं, आणि भिजलं की आणखी जड. कुजक्या वाशाने सोडलेलं ओझं शेजारच्या वाशांवर येतं. घराच्या विम्यावरही विसंबू नका. २०२० च्या निसर्गसारख्या चक्रीवादळाचं नुकसान तो भरून देतो, हळूहळू झालेली कूज आणि वाळवी नाही.

पैसे एफडीतून काढा, पण बँकेत अंशतः मोडता येते का ते विचारा. मुदतीआधीच्या दंडापोटी बहुधा अर्धा ते एक टक्का व्याज जातं, कर्जापुढे ते किरकोळ आहे. ८५ नव्हे, १ लाख धरा. कौलं उतरवली की आणखी एखादा वासा खराब निघतोच, काही कौलं हाताळतानाही फुटतात. सुताराला आगाऊ फक्त लाकडाचे पैसे द्या, बाकीचे काम पुढे सरकेल तसे. दिवाळीनंतर लगेच लाकूड घेतलंत तर ते वाळायला वेळ मिळेल. एप्रिल-मेमध्ये सुतार हाती लागत नाहीत, लागले तर चढा भाव सांगतात. नव्या लाकडाला बसवण्याआधीच काजूच्या टरफलांचं तेल किंवा वाळवीचं औषध चारही बाजूंनी लावून घ्या.

तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट विचारतो. वडिलोपार्जित म्हणता, तर ग्रामपंचायतीच्या असेसमेंट (घरपट्टीच्या) उताऱ्यावर नावं कुणाकुणाची आहेत? चुलत भावांची असतील तर ८५ हजारांची दुरुस्ती एकवेळ आपली म्हणून सोडता येते, सव्वाचार लाखांचं छप्पर वाटणीच्या वेळी भांडण लावतं. आत्ताच त्यांना अंदाजपत्रक पाठवा, वाटा मागा आणि उत्तर लेखी घ्या. 'देत नाही' असं आलं तरी ते जपून ठेवा, बिलांसोबत.