बापाची उचल लेकराच्या माथी मारता येत नाही

प्रश्न : माझे दाजी चैत्रात वारले. ते आणि माझी बहीण बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जायचे. मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत दाजींच्या नावावर उचलीची, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांची, ९० हजारांची बाकी आहे आणि तिच्यावर तो महिना शेकडा तीन व्याज लावतो. दहावा झाला आणि त्यानं बहिणीची कोऱ्या स्टॅम्पवर सही घेतली. तोडीला दोघांची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. आता म्हणतो, तू एकटी म्हणजे अर्धा कोयता, पोराला घे म्हणजे कोयता पुरा होईल, दोन हंगामांत फिटेल. भाचा सातवीत आहे, एक वर्ष उसाच्या फडावरच गेलं म्हणून मागे पडला. जानेवारीत त्याला चौदा पूर्ण होतात. मुकादमाचं म्हणणं, आईबरोबर काम म्हणजे घरचंच काम, कायदा आड येत नाही. तक्रार केली तर बहिणीलाच आत टाकतील का? मी चाकणला कंपनीत आहे. दसऱ्यानंतर मजूर न्यायला गाडी येणार आहे.

उत्तर : दादा, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमच्या बहिणीची झोप त्यानंच उडाली असणार. तिनं पोराला पाठवायला नकार दिला आणि स्वतः तक्रार केली, तर ती तक्रारदार आहे, आरोपी नाही. बालकामगार कायदा आईबापाला हात लावतो तो त्यांनीच कमाईसाठी मुलाला कामाला लावू दिलं तर. मुकादमाची गोष्ट वेगळी. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा २०१६च्या दुरुस्तीपासून दखलपात्र गुन्हा आहे. सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही.

‘घरचंच काम’ ही पळवाट मुकादम मंडळींना तोंडपाठ असते. कायद्यात तशी सवलत आहे, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, स्वतःच्या कुटुंबाच्या, धोका नसलेल्या कामात मदत करण्यापुरती. फड तुमच्या बहिणीचा नाही, ऊस तिचा नाही, कारखाना तिचा नाही. शिवाय २०१७च्या नियमांप्रमाणे घरच्या कामातही संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत मुलाला कामाला हात लावू देता येत नाही. तोड तर पहाटे अंधारातच सुरू होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

जानेवारीचं कोडं मात्र खरं आहे. चौदा पूर्ण झाले की ही सरसकट बंदी सैल होते. मुकादम त्याच तारखेकडे डोळे लावून बसला असेल, तर त्याला बाल न्याय कायद्याचं कलम ७९ दाखवा. तिथं मूल म्हणजे १८ वर्षांखालचं. मुलाला कामासाठी बांधून ठेवलं किंवा त्याची कमाई अडवली, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. पोरानं मोळ्या बांधायच्या आणि त्याचा पैसा बापाच्या बाकीत वळता व्हायचा, याला दुसरं काय म्हणणार?

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्या टेबलासमोर बसला होता. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी कोयत्याचा आडवा वण. वय विचारलं, तर चटकन ‘चौदा पूर्ण’ म्हणाला. ‘पूर्ण’सकट पाठ करून घेतलेलं. शाळेच्या रजिस्टरात साडेबारा निघाले. म्हणून सांगतो, सगळ्यात आधी शाळेतून जन्मतारखेचा दाखला काढा. वय ठरवताना बाल न्याय कायदा पहिल्यांदा शाळेचाच दाखला बघतो.

आता ९० हजार. मेलेल्या माणसाचं कर्ज वारसांवर येतं ते त्याच्या मागं राहिलेल्या मालमत्तेपुरतंच. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, हा जुना नियम २००५च्या हिंदू वारसा दुरुस्तीनं पुढच्या कर्जांसाठी संपवला. भाचा कायद्यानं अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा आहे, त्याच्या नावानं केलेला करार कागदाच्या किमतीचाही नाही. बहिणीची सही हा खरा अडथळा. तिची सही कोऱ्या स्टॅम्पवर घेतली आहे असा तक्रार अर्ज आजच पोलीस ठाण्यात द्या, तारीख घाला आणि पोच घ्या. उद्या त्या कागदावर काहीही उमटलं तरी हा अर्ज आधीचा असेल. महिना शेकडा तीन ही सावकारी आहे. परवाना नसेल तर तालुक्याच्या सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे २०१४च्या सावकारी कायद्याखाली वेगळी तक्रार करा.

वेठबिगारीचा १९७६चा कायदा इथं लागतो का? उचल घेतली म्हणजे आपोआप वेठबिगारी झाली, असं मी म्हणणार नाही. पण आगाऊ रकमेपोटी माणसाला दुसरीकडे कामाला जायची मोकळीक उरली नाही, किंवा बापाच्या रकमेपोटी मुलाला राबवलं, तर लागतो. मग ते कर्जच कायद्यानं संपतं, आणि ही वेठ नाही हे शाबीत करायचं ओझं सावकारावर जातं. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. प्रती जिल्हाधिकारी, सरकारी कामगार अधिकारी आणि बाल कल्याण समितीला. एक प्रत न विसरता कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टानं पाठवा. मुकादमाच्या हातातली उचल बहुतेक वेळा वरून आलेली असते, आणि पोरांच्या मजुरीत आपलं नाव कागदावर आलेलं कोणत्याच कारखान्याला परवडत नाही. माझ्या अनुभवात या एका प्रतीनं पुष्कळ काम होतं.

वकिलाची फी म्हणून अडू नका. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते.

तरीही बहिणीला पोट भरायला हंगामावर जावंच लागेल, हे मला कळतं. तसं असेल तर ती एकटी जाईल आणि भाचा गावात राहील. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे त्याचं नाव गाडी यायच्या आत द्या. तुम्ही त्याला चाकणला आणणार असाल, तर तिथली शाळा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही. वडील नाहीत म्हणून बालसंगोपन योजनेतून महिना २२५० रुपये मिळू शकतात, तो अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. बहिणीसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला.

दाजींच्या मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा, प्रत्येक टेबलावर लागेल. आणि गाडी दाराशी आली, कुणी पोराला चढवायला लागलं, तर वाद घालत बसू नका. १०९८ लावा. गाडीचा नंबर आधीच टिपून ठेवलेला असू द्या.