इंग्रजी ‘गेज’चा मराठीत नेमका अर्थ काय? आकडा मोठा म्हणजे जाडी जास्त ना?

तुमचे प्रश्न तीन आहेत. रेल्वेचा गेज, तारेचा गेज, हवेचा गेज आणि सुईचा गेज यांना एकच शब्द कसा? त्याला मराठीत एक नेमका शब्द आहे का? आणि तुम्ही कुठेतरी वाचलंय की ‘गेज म्हणजे जाडी, आकडा मोठा तितकी वस्तू जाड’, ते बरोबर का? पहिल्या दोन प्रश्नांकडे जमलं तर येतो. तिसरा वाचून गप्प बसवेना, कारण या एका समजुतीपायी पंपाच्या विजेच्या मोटारी जळतात आणि शेताच्या कुंपणाचं लोखंड एक तृतीयांशाने कमी होतं.

गेज म्हणजे जाडी नव्हे. तारेच्या बाबतीत गेज हा कोष्टकातला अनुक्रमांक आहे. कोष्टक कोणतं ते सांगितलं नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही. आणि तारेत आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, म्हणजे तुम्ही वाचलंय त्याच्या बरोब्बर उलट. याचं कारण तार बनवण्याच्या पद्धतीत आहे. जाड सळई डायच्या (भोक असलेल्या कडक साच्याच्या) भोकातून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान. जितक्या वेळा ओढली तितका आकडा वाढला आणि तार बारीक झाली.

आपल्याकडे चालतं ते कोष्टक ब्रिटिशांचं, एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज). १ मार्च १८८४ पासून ते तिकडे कायदेशीर माप झालं. अमेरिकेचं वेगळं, एडब्ल्यूजी (अमेरिकन वायर गेज). दोन्हीकडे ‘२० गेज’ आहे. ब्रिटिश २० म्हणजे ०.९१४ मिमी, अमेरिकी २० म्हणजे ०.८१२ मिमी. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, मोटारीला कळतो.

कसा, ते बघा. विहिरीवरच्या तीन एचपी मोनोब्लॉक पंपाचं वाइंडिंग (मोटारीतली तांब्याच्या तारेची वेटोळी) जळलंय आणि जुनी तार ब्रिटिश २० गेजची आहे. पोराने यूट्यूबवरच्या कोष्टकातून २० गेजचा व्यास काढला, ०.८१, आणि त्या मापाची तार आणली. तांब्याचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं, म्हणजे तांबं २१ टक्के कमी झालं. तेवढेच टर्न, तेवढाच करंट, पण रेझिस्टन्स २७ टक्के जास्त, म्हणून वाइंडिंगमधली उष्णताही २७ टक्के जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना आडाखा आहे. मोटार पहिल्या दिवशी छान चालते. उन्हाळ्यात सलग आठ तास चालली की वास येतो, आणि खापर व्होल्टेजवर फुटतं.

दुसरी चूक याहून हुशार माणसं करतात. २० ची तार बाजारात नाही, म्हणून बारीक दोन तारा जोडीने घालायच्या. अमेरिकी कोष्टक गणिती आहे. ०.४६ इंचापासून ०.००५ इंचापर्यंत ३९ समान प्रमाणाच्या पायऱ्या, त्यामुळे तीन नंबर पुढे गेलं की क्षेत्रफळ जवळजवळ निम्मं होतं. म्हणजे २० च्या जागी २३ च्या दोन, हिशेब बसला. पण हा नियम ब्रिटिश कोष्टकाला लावला की फसला, कारण त्यातल्या पायऱ्या समान प्रमाणाच्या नाहीत. २० म्हणजे ३६ हजारांश इंच, २२ म्हणजे २८, २३ म्हणजे २४, आणि २४ म्हणजे एकदम जवळ, २२. आता वर्ग करा. ३६ चा वर्ग १२९६. २४ चा वर्ग ५७६, त्याची दुप्पट ११५२. तांबं ११ टक्के कमी पडलं. बरं, २२ च्या दोन घातल्या तर १५६८, म्हणजे २१ टक्के जास्त, आणि मग तार स्लॉटमध्ये (मोटारीतल्या तार बसवायच्या खाचेत) मावत नाही, हातोडीने ठोकून बसवली की इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा पातळ थर) सोलतं. एक २२ ची आणि एक २३ ची घ्या: ७८४ आणि ५७६, बेरीज १३६०. पाच टक्के जास्त. स्लॉटमध्ये थोडी जागा असेल तर हीच जोडी बरोबर. पाठ केलेल्या नियमापेक्षा वर्ग करून बेरीज घ्यायला अर्धा मिनिट लागतो.

जुनी तार मोजतानाही एक नंबर सहज चुकतो. इनॅमलसकट मोजली तर ०.९१४ ची तार ०.९८ च्या आसपास भरते आणि कोष्टकात १९ नंबर (१.०१६) जवळचा दिसतो. मग १९ आणली जाते आणि २३ टक्के जास्त तांबं स्लॉटमध्ये कोंबायची वेळ येते. म्हणून टोकाचं इनॅमल लायटरने जाळा, सुती कापडाने पुसा, बारीक पॉलिश पेपर अगदी हलका फिरवा, आणि मायक्रोमीटरने (शाळेतला ‘स्क्रू गेज’ तो हाच, म्हणजे इथेही गेज आलाच) तीन-चार ठिकाणी मोजा. कॉइल ओढून काढताना तार ताणली जाते आणि बारीक होते, म्हणून पकडीने ओढलेलं टोक मोजू नका. जळून गाठ झालेली जागाही सोडा.

मायक्रोमीटर नसेल तर गोल चकतीचा वायर गेज. त्यात काठावर खाच असते आणि खाचेच्या आतल्या टोकाला गोल भोक. माप खाचेचं आहे, भोकाचं नाही. भोक फक्त तार मोकळी बाहेर निघावी म्हणून दिलेलं असतं. जोर न लावता जी खाच तार घेते आणि जिच्या पुढची बारीक खाच घेत नाही, तो तिचा नंबर. भोकात तार घालून नंबर सांगणारे लोक मी अजूनही रोज बघतो, आणि त्यांनाच सगळ्यात जास्त खात्री असते.

आता कुंपणाची जाळी. चेनलिंक १० गेज सांगून १२ गेज गळ्यात मारणं फार सोपं आहे, कारण ‘बारा म्हणजे दहापेक्षा जास्त’ हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. १० गेज म्हणजे ३.२५ मिमी, १२ गेज म्हणजे २.६४ मिमी. कागदावर फरक सहा दशांश, पण लोखंड ३४ टक्के कमी. किलोवर घेतली तर पैशाचं नुकसान नाही, फक्त जाळी लेची मिळते. चौरस फुटावर घेतली की पैसेही गेले. हिरवं प्लॅस्टिक चढवलेल्या जाळीत आणखी एक गंमत आहे. आत २.६४ ची तार, वर दोन्ही बाजूंनी ०.३ मिमीचा थर, की बाहेरून माप ३.२४ येतं आणि दुकानदार वायर गेज लावून तुमच्यासमोर १० गेज सिद्ध करून दाखवतो. कापलेल्या टोकावरचं प्लॅस्टिक सोला आणि आतली तार मोजा. बिलावर मिमी लिहून घ्या. तो म्हणेल ‘दहा गेज म्हणजे तेच की हो’. तेच असेल तर लिहायला हात का दुखतो, हा माझा कैक वर्षांचा सवाल आहे आणि त्याचं सरळ उत्तर कुणी दिलेलं नाही. देशात दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये आला, आणि काउंटरवर अजून १८८४ चं कोष्टक चालतंय.

घरातल्या वायरिंगचं तसंच. जुने वायरमन ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ म्हणतात, म्हणजे २० गेजच्या तीन किंवा सात तारा. तीन-वीस भरते १.९७ चौरस मिमी, सात-वीस ४.६. आता वायर १.५, २.५, ४, ६ अशी मिळते. तीन-वीसच्या जागी २.५ घ्या, १.५ नको. सात-वीसच्या जागी सर्रास ४ देतात, ती थोडी कमीच आहे. गिझर-एसीची लाइन लांब असेल तर ६ घाला.

पत्र्यात तर एकाच १८ गेजच्या तीन जाड्या सापडतील. ब्रिटिश तक्त्यात १.२२ मिमी, अमेरिकी स्टेनलेसच्या तक्त्यात १.२७, अमेरिकी अ‍ॅल्युमिनियमच्या तक्त्यात १.०२. हॉटेलच्या किचनचं टेबल बनवून घेताना ‘१८ गेज एसएस’ एवढंच लिहिलेलं कोटेशन माझ्या लेखी कोरं आहे.

आणि आता तुमच्या बाजूने एक. पॉलिथिनमध्ये तुमचं वाक्य खरं आहे. तिथे १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन, २०० म्हणजे ५०, आकडा वाढला की जाडी वाढते. पिशवीची किमान जाडी केंद्राच्या नियमाने ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन झाली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०, म्हणजे दुकानाच्या भाषेत ४८० गेज. गिटारच्या तारांतही तसंच. ‘नऊचा सेट’ म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच, दहाचा त्याहून जाड. म्हणजे गिटारवाला आणि वाइंडिंगवाला तारेबद्दलच बोलत असले तरी उलट दिशेने बोलतात.

सुई तारेच्या बाजूची: १८ ची जाड, २४ ची बारीक. म्हणून कॅन्युलाला (सलाइनसाठी शिरेत घालतात त्या नळीला) रंग दिलेत, १८ हिरवी, २० गुलाबी, २२ निळी, २४ पिवळी. रक्त भराभर द्यायचं असेल तर हिरवी, लहान मुलाला पिवळी. पण त्याच वॉर्डात लघवीच्या नळीला फ्रेंच माप असतं. आकड्याला तीनने भागलं की बाहेरचा व्यास मिमीत, म्हणजे १६ नंबरची नळी ५.३ मिमी, आणि इथे आकडा मोठा तर नळी जाड. (जखमेवरचं गॉज हे कापड, त्याचा या शब्दाशी काही संबंध नाही. स्पेलिंग बघून गेजलाही गॉज वाचतात, म्हणून सांगितलं.)

बारा बोअरची बंदूक तर वजनावरून मोजतात. नळीत बरोब्बर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. वीस गोळ्या लागल्या तर नळी बारीक, आकडा मोठा.

रेल्वेत जाडीचा प्रश्नच नाही. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. आपला ब्रॉड गेज १६७६ मिमी, मीटर गेज १०००, जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा ७६२, माथेरानच्या गाडीचा ६१०. मुंबई मेट्रो १४३५ वर चालते, त्यामुळे लोकलचा डबा मेट्रोच्या रुळावर चढवता येत नाही.

दाबाच्या गेजमध्ये लक्षात ठेवायची गोष्ट एकच: त्याचा शून्य खरा शून्य नसतो. बाहेरच्या हवेच्या दाबाला तो शून्य धरतो. टायरमध्ये ३२ पीएसआय म्हणजे प्रत्यक्षात ३२ अधिक १४.७. हवा भरताना हे विसरलं तरी चालतं. कॉम्प्रेसरचा किंवा वायूचा हिशेब मांडताना विसरलं की उत्तर सगळं चुकतं.

कारखान्यातला गो/नो-गो गेज, म्हणजे भोकात घालून बघायचा दोन टोकांचा दांडा, तर आकडा सांगतच नाही. २५ मिमी एच-७ (किती कमी-जास्त चालेल ते ठरवणारी श्रेणी) भोकाला गो टोक २५.००० चं, नो-गो २५.०२१ चं. गो स्वतःच्या वजनाने आत जायला हवा, नो-गो अडायला हवा. मशिनवरून उतरलेला गरम जॉब (बनवलेला भाग) लगेच तपासू नका. १५ अंशांच्या फरकाने पंचवीसचं स्टीलचं भोक चार मायक्रॉनने मोठं लागतं, आणि एकवीस मायक्रॉनच्या खेळात चार बरेच झाले.

तर मराठी शब्द. मूळ अर्थ ‘ठरवलेल्या मापाशी ताडून बघणं’. इंग्लंडात दारूच्या पिंपात किती माल आहे ते मोजणाऱ्या अबकारी अंमलदाराला गेजर म्हणत. सगळीकडे चालेल असा एक मराठी शब्द नाही आणि तो शोधूही नका. रुळांसाठी रुंदमापी-अरुंदमापी ठीक. दाबासाठी दाबमापक. पावसाला पर्जन्यमापक आधीपासून आहे. ‘लोकांचा कल गेज करणे’ तिथे अंदाज घेणे किंवा चाचपणे. तार, पत्रा आणि सुई यांना गेजच ठेवा, पुढे कंसात मिमी लिहा. अमेरिकी पुस्तकांत स्पेलिंगमधला यू गाळलेला दिसेल, तो मुद्रणदोष नाही. तो दिसला की कोष्टकही अमेरिकी असण्याची शक्यता धरा.

एक राहिलं. कोष्टकातली मापं आदर्श आहेत. ओढलेली तार दोन-तीन शतांश मिमी इकडेतिकडे असतेच, आणि जस्ताचा थर तारेच्या मापातच धरलेला असतो. ३.२५ च्या जागी ३.२२ भरली म्हणून दुकानात भांडू नका. २.९ भरली तर ती ११ गेज आहे, तेव्हा भांडा.