युरोपात दोन शहरांमधला छोटा सायकल प्रवास कसा आखावा?

तुम्ही ऐरोलीचे, दोघंही चाळिशीतले, हाताशी आठवडाभर सुट्टी. पॅरिसहून ॲमस्टरडॅमला सायकलने जायचंय आणि सायकल इथून न्यावी का, असं विचारलंय. मी ठाण्याचा. आम्ही नवरा-बायको असंच फिरून आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्याच वेळी पॅरिस-ॲमस्टरडॅम नको. ते अंतर पाचशे किलोमीटरच्या वर जातं. आठवड्यात बसवायचं तर नुसतं अंतर कापणं होईल, आणि एक दिवस पावसात गेला की पुढचं सगळं बुकिंग कोलमडेल. छोटा प्रवास आखताना मी किलोमीटरच्या आधी रेल्वे बघतो. पाय दुखले तर जवळचं स्टेशन गाठून पुढचा टप्पा गाडीने करता आला पाहिजे.

म्हणून जर्मनीतल्या पासाऊहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाला जा, डॅन्यूबच्या काठाने. अंतर सुमारे ३२० किलोमीटर. नदी ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने तुम्ही जाता आणि वाराही बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. हीच वाट उलटी आखली तर तोच वारा तोंडावर येतो. विमानाने व्हिएन्नाला उतरा, तिथून रेल्वेने सुमारे अडीच तासांत पासाऊ.

मुक्काम साधारण असे धरा: श्ल्योगन, लिंत्स, ग्राइन, मेल्क, क्रेम्स, मग व्हिएन्ना. रोज पन्नास-साठ किलोमीटर पुरे. शेवटचा टप्पा ऐंशीच्या आसपास आहे, तो जड वाटला तर वाटेत टुल्नला गाडी पकडा. मेल्क आणि क्रेम्सहूनही व्हिएन्नाची गाडी मिळते. पासाऊ ते लिंत्स मात्र रेल्वे नदीपासून लांब जाते, म्हणून तिथे दोन दिवस ठेवलेत.

मेल्क ते क्रेम्स हे जेमतेम ३५-४० किलोमीटर, पण त्यांना पूर्ण दिवस द्या. हे वाखाऊचं खोरं, २००० सालापासून जागतिक वारसा यादीत. उतारांवर द्राक्षमळे, खाली जर्दाळूच्या बागा. जुलैत फळ पिकतं. श्पिट्स गावाला नदीच्या आरपार तार बांधली आहे आणि तिला जोडलेली फेरीबोट प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते, इंजिनच नाही. सायकल ढकलत वर न्यायची आणि पाणी कापल्याचा आवाज ऐकत उभं राहायचं. पुढे ड्यूर्नश्टाइनला डोंगरावर पडका किल्ला दिसतो, तिथे ११९२ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. सायकल खाली लावून वर चढून या.

सायकल इथून नेऊ नका. विमानासाठी ती खोलून खोक्यात भरा, तिकडे जोडा, परतताना पुन्हा खोका शोधा, यात सुट्टीचे दोन दिवस जातात. पासाऊला भाड्याने घेऊन व्हिएन्नात सोडता येते. मागच्या बॅगा आणि कुलूप धरूनच भाव विचारा. ताब्यात घेतल्यावर आधी मोकळ्या जागेत चालवून बघा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तिकडे सहसा डावा. काहींना तर पेडल उलटं दाबलं की मागचा ब्रेक लागतो. शिवाय रस्त्याची बाजूही उजवी. हे तिन्ही अंगवळणी पडेपर्यंत गर्दीत शिरू नका.

सराव पाम बीच रोडवर करा, सपाट आहे, डॅन्यूबसारखाच. येऊरचा चढ मारायची गरज नाही. पहाटे, गाड्या वाढायच्या आत, सामान लावून सलग दोन दिवस चाळीस-पन्नास किलोमीटर करा. दुसऱ्या दिवशी सीटवर बसवतंय का, ते बघायचं.

तिकडे रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी पाव, चीज, फळं भरून ठेवा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. ज्या देशात जास्त दिवस राहाल तिथला, म्हणजे इथे ऑस्ट्रियाचा. किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जून किंवा सप्टेंबर मनात असेल तर अपॉइंटमेंट आत्ताच बघा, उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत.