‘व्हॅटिकन परिषद’ : परिषद म्हणावे की धर्मसभा?

बडोद्याच्या कारेलीबागेतून एका वाचकाने विचारले आहे की, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या रोममधील बैठकीला दिलेल्या ‘दुसरी व्हॅटिकन परिषद’ या नावात ‘परिषद’ हा शब्द नेमका बसतो का. त्यांची अडचण खरी आहे. जिल्हा परिषद किंवा विधान परिषद म्हटले की कायमची संस्था डोळ्यांपुढे येते. उलट ज्या गोलमेज परिषदेला आपले सयाजीराव महाराज लंडनला गेले होते, ती भरली आणि उठली. रोममधील ही परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली व संपली, तरीही ‘परिषद असे सांगते’ अशी वर्तमानकाळी वाक्ये आजही लिहिली जातात. तेव्हा ‘धर्मसभा’ किंवा ‘संगीती’ हे शब्द अधिक बरे नव्हेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते ‘परिषद’ हाच शब्द ठेवावा, आणि तो केवळ रूढ झाला आहे म्हणून नव्हे. ‘परि’ आणि ‘सद्’ मिळून भोवती बसलेली मंडळी हा त्याचा मूळ अर्थ. पण धर्मशास्त्रात त्याला याहून नेमका अर्थ आहे. धर्माविषयी संशय उत्पन्न झाला असता निदान दहा, तेही न जमल्यास निदान तीन जाणत्यांच्या परिषदेने निर्णय द्यावा आणि तो कोणी ढळवू नये, असे मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे. संशय, जाणत्यांची बैठक, निर्णय आणि बैठक उठल्यावरही टिकणारे त्या निर्णयाचे बंधन, ही चारही अंगे चर्चच्या परिषदेत जशीच्या तशी आढळतात. वाचकांना खटकणारा वर्तमानकाळ येतो तो या चौथ्या अंगामुळे. बोलतो तो परिषदेचा लेख, म्हणजे तिने मान्य केलेला अधिकृत दस्तऐवज, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने असे सोळा लेख मागे ठेवले आहेत.

‘संगीती’चे तसे नाही. बौद्धांच्या संगीतीत बुद्धवचनांचे एकत्र पठण करून ती निश्चित केली जात. आपल्या गुजरातेतील वलभीची जैन वाचनाही आगमांचा पाठ स्थिर करण्यासाठी होती. व्हॅटिकनमध्ये जमलेले दोन हजारांहून अधिक बिशप पाठ ठरवण्यासाठी जमले नव्हते. ‘धर्मसभा’ हा शब्द अर्थाने चालला असता, परंतु मराठी कॅथलिकांनी चर्च या संस्थेसाठी ‘ख्रिस्तसभा’ हा सुंदर शब्द आधीच योजलेला आहे; ‘ख्रिस्तसभेची धर्मसभा’ असे लिहू लागलो, तर कोणती सभा कोणाची, हे वाचकाला दर वाक्याला शोधावे लागेल.

शब्दांची ही काळजी अशासाठी की, आधुनिक काळातील परिषदांनी कॅथलिक विचारात जे बदल घडवले, ते पुष्कळदा एखाद्या शब्दाच्या निवडीतूनच घडले. इटलीतील ट्रेंट येथील परिषद १५६३ मध्ये संपल्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे सर्व चर्चची अशी एकही परिषद भरली नाही. १८६९ मध्ये पहिली व्हॅटिकन परिषद भरली. तिने १८७० मध्ये पोपच्या शिकवणीविषयी जो सिद्धान्त मांडला, त्याचे ‘पोप कधी चुकत नाहीत’ हे मराठी सर्रास वाचायला मिळते आणि ते चूक आहे. श्रद्धा किंवा नीती यांविषयी, सर्व ख्रिस्तसभेसाठी, आपल्या अधिकारासनावरून पोप जेव्हा अंतिम निर्णय देतात, तेवढ्यापुरतीच ती प्रमादरहितता आहे. त्यानंतर या अधिकारात उघडपणे झालेली घोषणा एकच, १९५० मधील मरियेच्या स्वर्गोन्नयनाची, म्हणजे येशूच्या आईला सदेह स्वर्गात नेले गेले या श्रद्धेची. म्हणून ‘अचूक पोप’ असे न लिहिता ‘प्रमादरहित निर्णय’ असे लिहावे.

मात्र मला सर्वांत मोलाचे वाटते ते १९६४ मधील एक क्रियापद. ख्रिस्तसभेच्या स्वरूपाविषयीच्या लेखाच्या आधीच्या मसुद्यात ‘ख्रिस्ताची सभा म्हणजे कॅथलिक सभा आहे’ अशा अर्थाचे ‘एस्त’ हे लॅटिन क्रियापद होते. अंतिम पाठात त्याच्या जागी ‘-मध्ये टिकून आहे’ अशा अर्थाचे ‘सुब्सिस्तित इन’ आले, आणि त्याच वाक्यात पुढे म्हटले गेले की, या सभेच्या चौकटीबाहेरही पावित्र्याचे व सत्याचे अनेक अंश आढळतात. ‘आहे’ हे क्रियापद दोन्ही बाजूंना कुलूप लावते. नव्या क्रियापदाने आतल्याचे आतपण न मोडता बाहेरच्यांशी बोलायला दार उघडले. याचे मराठी ‘कॅथलिक सभेत असते’ असे केले, तर ते फिके होते आणि ‘वस्तीला आहे’ असे केले, तर पाहुणेपणा येतो. मी येथे ‘नांदते’ सुचवीन. आपण ‘लेक सासरी नांदते’ म्हणतो, तेव्हा ती तेथे पूर्णपणे, हक्काने आणि कायमची आहे, हे त्या एका शब्दात येते; तरीही जगात दुसरे काही चांगले नाहीच, असा दावा त्यात येत नाही. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, इतर धर्मांविषयीचा जो लेख मान्य झाला आणि ज्यात हिंदू व बौद्ध धर्मांचा आदराने नामोल्लेख आहे, त्याची वाट मला या क्रियापदातूनच गेलेली दिसते.

भाषेचा बदल तर घराघरांत ऐकू आला. आमच्या शेजारी वसईहून बडोद्यास आलेल्या एक आजी राहत. लहानपणीच्या मिस्सेतील, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतील, ‘दोमिनुस व्होबिस्कुम’ आणि त्यावरचे ‘एत कुम स्पिरितु तुओ’ हे उत्तर त्यांना अखेरपर्यंत पाठ होते; अर्थ मात्र त्यांना ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ हे मराठीत म्हणू लागल्यावर कळला, असे त्या सांगत. येथे एक दुरुस्ती करायला हवी. ‘परिषदेने लॅटिन बंद केली’ असे लिहिले जाते, ते बरोबर नाही. १९६३ च्या उपासनाविषयक लेखाने लॅटिन राखून लोकभाषांना वाव दिला. संपूर्ण मिस्सा लोकभाषेत होऊ लागली ती त्यानंतरच्या काही वर्षांत. अशा बदलांसाठी ‘परिषदेने’ न म्हणता ‘परिषदोत्तर’ हे विशेषण वापरावे.

राहिला ‘सिनड’ हा शब्द. पोप सहावे पॉल यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये स्थापलेली बिशपांची सिनड ही पोपना सल्ला देणारी व्यवस्था आहे. तिलाही ‘परिषद’ म्हटल्यास दोहोंच्या अधिकारातील अंतर पुसले जाईल, म्हणून तो शब्द देवनागरीत तसाच ठेवावा, आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘बिशपांची सल्लागार बैठक’ असा खुलासा जोडावा.